बकली आता सगळ्यांचाच लाडका!

ऐकलंत का? कॉलिंगवूड या फुटबॉल क्लबाच्या कोचपदावरून नेथन बकलीला हाकला म्हणून ज्यानं कधी बोंब मारली होती, असा एकही माणूस आता मेलबर्नमध्ये उरलेला नाही म्हणे. एकही नाही! कुठल्याही कॉलिंगवूडवाल्याला गाठा. ट्राममध्ये गाठा, ऑफिसच्या पॅन्ट्रीत गाठा, पोरांना फुटीच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, सरावाला सोडून थंडीत हात चोळत उभ्या असलेल्या बापांना गाठा. जो तो छातीवर हात ठेवून सांगणार, "मी? छे छे! मी तर पहिल्यापासून बकलीचाच." बरं बाई, असशील. मग २०१४ ते २०१७ अशी चार वर्षं एमसीजीच्या, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडच्या, स्टँडमधून जो गलका उठत होता, तो काय मैदानावर उतरणाऱ्या सीगल पक्ष्यांचा?

आणि साधं कौतुक असतं तर एक वेळ चाललं असतं. इथे डोळे पाणावतात हो! बकली काही बोलला की "किती समंजस बोलतो ना", बकली हसला की "किती मोकळा झालाय ना". याच माणसाच्या चेहऱ्याला हीच मंडळी पूर्वी इस्त्री केलेला दगड म्हणायची. काळाचा महिमा, दुसरं काय!

खेळ माहीत नसला तरी काही अडत नाही. २०२०च्या बॉक्सिंग डे कसोटीत अजिंक्य रहाणेनं ११२ धावा ठोकून आपल्या सगळ्यांची मान वर केली ना, तेच हे एमसीजीचं मैदान. क्रिकेट आटोपलं की त्याच हिरवळीच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब उभे राहतात आणि अठरा-अठरा गडी लंबगोल चेंडूमागे जीव तोडून धावतात. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेनं पार केला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर समजूत काढायला एक. बाकीचे नियम इथे जन्मलेल्यांनाही धड येत नाहीत. पंचाच्या नावानं खडे फोडता आले की तुम्ही प्रेक्षक म्हणून पास.

कॉलिंगवूड मात्र माहीत हवं. १८९२ सालचा, बुटांच्या कारखान्यांच्या गरीब वस्तीतून निघालेला क्लब. काळे-पांढरे पट्टे, मॅगपाय पक्ष्याचं चिन्ह, आणि आता लाखाच्या वर सभासद. या शहरात माणसांचे प्रकार दोनच: कॉलिंगवूडवाले, आणि कॉलिंगवूड हरलं की ज्यांचा सोमवार गोड जातो ते. बरं, हरायचंसुद्धा कसं, तर साग्रसंगीत. १९५८ला लीगचा कप जिंकला तो पुन्हा थेट १९९०ला. मधल्या काळात ग्रँड फायनलमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यात, पोचून आठ वेळा हरले! अशा घराण्यात नेथन बकली येऊन पडला.

पोरगा ॲडलेडचा, काही वर्षं डार्विनकडे वाढलेला. लाथ अशी की चेंडू सांगितल्या पत्त्यावर पोचायचा. १९९३ला ब्रिस्बेन बेअर्सकडून पहिला हंगाम खेळला आणि त्याच वर्षी सुरू झालेला उदयोन्मुख खेळाडूचा पुरस्कार पहिल्या फटक्यात घेऊन गेला. वर्ष संपलं आणि साहेब निघाले कॉलिंगवूडला. का, तर कप जिंकायचेत. ब्रिस्बेनमध्ये कुठले आलेत कप! ब्रिस्बेनवाले बिचारे बघत राहिले.

आता पुढची गंमत ऐका. बेअर्सचं पुढे मेलबर्नच्या फिट्झरॉय क्लबाशी विलीनीकरण झालं, त्यातून ब्रिस्बेन लायन्स उभे राहिले, आणि त्या लायन्सनी २००१, २००२, २००३ असे सलग तीन कप उचलले. त्यातले शेवटचे दोन कुणाला हरवून? कॉलिंगवूडला! तेव्हा कॉलिंगवूडचा कप्तान कोण? आपले बकली! आणि लायन्सचा कोच कोण? ली मॅथ्यूज, म्हणजे बकली कॉलिंगवूडला आला तेव्हा तिथे जो कोच होता, तोच! मालिकेत असं कथानक दिलं असतं तर वाहिनीनं हात जोडून परत पाठवलं असतं, इतकं ओढूनताणून कोण पाहणार म्हणून.

२००२ची फायनल तर नऊ गुणांनी गेली, आणि सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून पदक कुणाच्या गळ्यात? हरलेल्या कप्तानाच्या. समोर ब्रिस्बेनवाले कप नाचवतायत आणि हा पदक घेऊन उभा. पुढच्या वर्षी ब्राउनलो पदक मिळालं, हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचं, तर तेही तिघांत वाटून. त्याच आठवड्यात ग्रँड फायनल ५० गुणांनी हरले. २८० सामने खेळून २००७ला निवृत्त झाला तेव्हा गड्याच्या कपाटात कप सोडून सगळं होतं.

लोकांना मात्र त्याची कीव कधी आली नाही. कारण केस जागच्या जागी, मुलाखतीत वाक्य पूर्ण, शिस्त इतकी की बघणाऱ्याला अपराधी वाटावं. इतर क्लबांच्या पाठीराख्यांनी त्याला टोपणनाव ठेवलं फिगजॅम. पूर्ण अर्थ चारचौघांत सांगण्यासारखा नाही, पण मतलब असा की "मी भारी आहे, खोटं वाटत असेल तर मलाच विचारा." हे नाव त्याला वर्षानुवर्षं चिकटून राहिलं, आणि ते वापरण्यात कॉलिंगवूडचे स्वतःचे लोकही मागे नव्हते बरं का. आज विचाराल तर म्हणतील, "फिग... काय म्हणालात?"

खरी चविष्ट गोष्ट पुढे आहे. क्लबाचा अध्यक्ष होता एडी मॅग्वायर. आपल्याकडे करोडपतीच्या खुर्चीसमोर अमिताभ बसतात ना, ऑस्ट्रेलियात त्या खुर्चीसमोर हे बसायचे. तेव्हा नाट्य कशाशी खातात हे यांना कुणी शिकवायला नको! २००९च्या जुलैत त्यांनी जाहीर करून टाकलं: मिक मॉल्टहाऊस अजून दोन वर्षं कोच राहतील, मग २०१२पासून बकली, मॉल्टहाऊस वरच्या खुर्चीत बसून मार्गदर्शन करतील. म्हणजे सासूबाईंना तारीख वार देऊन सांगायचं की अमुक दिवशी किल्ल्यांचा जुडगा सुनेच्या हाती द्या आणि तुम्ही झोपाळ्यावर बसून सूचना करा. कुठल्या घरात हे सुखानं पार पडलंय?

त्यात सासूबाईंनी २०१०ला कपच जिंकला! तोही साधासुधा नाही. सेंट किल्डाबरोबर फायनल बरोबरीत सुटली, सगळं शहर आठवडाभर नखं खात बसलं, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा खेळून कॉलिंगवूडनं ५६ गुणांनी धुतलं. २०११ला परत फायनल गाठली, जिलाँगकडून हरले. पण करार तो करार. मॉल्टहाऊस झोपाळ्यावर बसले नाहीत. तडक निघून गेले, आणि २०१३ला जाऊन बसले कुठे? कार्लटनला! कॉलिंगवूडच्या सात पिढ्यांच्या वैऱ्याकडे!

तर अशा घरात बकलीनं पाऊल टाकलं. पहिल्याच वर्षी, २०१२ला, संघ उपांत्य फेरीत सिडनीकडून हरला. त्याच्या पुढच्या वर्षी बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात पोर्ट ॲडलेडनं घरी पाठवलं. मग उतरंड लागली: अकरावे, बारावे, पुन्हा बारावे, तेरावे. कपवाल्या संघातली नावं एकेक करून पांगली. हीथ शॉ गेला, डेल थॉमस गेला, डेन बीम्स गेला. "घडी बसलेला संघ मोडला, स्वतःसारखे सोवळे तेवढे ठेवले," अशी चर्चा दर सोमवारी. कोचच्या काचेच्या खोलीवर कॅमेरा गेला की बकली ओठ घट्ट मिटून बसलेला दिसायचा आणि घरोघरी सोफ्यावरून एकच प्रश्न: "याला अजून किती दिवस?" आमच्या ऑफिसात कोण जिंकणार याचे अंदाज लावायची स्पर्धा चालते, तिथे एक कट्टर कॉलिंगवूडवाला मुद्दाम कॉलिंगवूडच्या विरोधात मत द्यायचा, हरले तर निदान गुण मिळतील म्हणून. हल्ली हाच गृहस्थ बकलीच्या आठवणी काढून उसासे टाकतो. मी काही बोलत नाही. नुसतं बघते.

२०१७च्या ऑगस्टात तर कहरच झाला. तेराव्या क्रमांकावर संघ, कोचचा करार संपत आलेला, सगळ्यांनी मनातल्या मनात निरोपाचं भाषणसुद्धा लिहून ठेवलेलं. आणि क्लबानं काय करावं? आणखी दोन वर्षं बहाल केली! त्या आठवड्यातल्या प्रतिक्रिया मी ऐकल्यात. छापण्याजोग्या नाहीत.

आणि मग २०१८ उजाडलं. तोच कोच, बराचसा तोच संघ, आणि गाडी सुसाट. जाणकार म्हणाले बकली बदललाय. पोरांच्या डोक्यावर बसायच्या ऐवजी शेजारी बसायला शिकलाय. सामने संपल्यावर मिठ्या मारताना दिसायला लागला. पण श्रेय द्यायला जीभ रेटेना. म्हणे, सगळी किमया नव्या सहायक कोचची, जस्टिन लाँगमुइरची. हरलं की बकलीमुळे, जिंकलं की सहायकामुळे. हिशेब कसा पक्का! रिचमंडचा आदल्या वर्षीचा विजेता संघ उपांत्य फेरीत समोर आला, आणि मेसन कॉक्स नावाच्या २११ सेंटीमीटर उंच अमेरिकन गड्यानं, जो मुळात बास्केटबॉलवाला, त्यांच्या डोक्यांवरून चेंडू असे काही उचलले की ते संपलेच.

ग्रँड फायनलला समोर वेस्ट कोस्ट. लाख माणूस मैदानात. पहिल्या पाव सामन्यातच कॉलिंगवूड २९ गुणांनी पुढे! शेजारच्या घरातून ढोल वाजल्यासारखा आवाज येत होता. पण वेस्ट कोस्ट इंचाइंचानं जवळ येत गेलं. शेवटची दोनेक मिनिटं उरली असताना डॉम शीडनं अगदी सीमारेषेला चिकटून चेंडू झेलला. तिथून खांबांकडे बघितलं तर फट दिसते ती चिठ्ठी सरकवण्याएवढी. त्यानं चार पावलं टाकली, लाथ मारली, चेंडू वळला आणि बरोबर मधून गेला. ७९-७४. पाच गुणांनी कप गेला. शीडनं चेंडू झेलला त्या घटकेला विली रिओलीनं ब्रेडन मेनार्डला अडवलं होतं का, फाऊल द्यायला हवा होता का, यावर आजही लग्नाच्या पंगतीत भांडणं होतात. तुमच्या घरी कॉलिंगवूडवाला पाहुणा आला आणि लवकर उठावा असं वाटत नसेल, तर हा विषय काढा.

माझं निरीक्षण असं की बकलीचा भाव चढायला त्या रात्रीच सुरुवात झाली. जिंकला असता तर कोच म्हणून गाजला असता. पाच गुणांनी हरला म्हणून आपला वाटला. आठवा हरण्याचं ते जुनं घराणं! खेळाडू म्हणून हरला, कप्तान म्हणून हरला, कोच म्हणूनही हरला, आणि तेही सारं ग्रँड फायनलमध्ये. याहून अस्सल कॉलिंगवूडकर कुठून आणणार? २०१९ला उपांत्य फेरीत ग्रेटर वेस्टर्न सिडनीनं चार गुणांनी बाहेर काढलं, तेव्हा तर कपाळावर हात मारायलाही कुणात त्राण नव्हतं.

तरी प्रेम उघड करायला अवकाश होता. २०२०च्या अखेरीस पगाराच्या मर्यादेचं गणित फिसकटलं आणि ॲडम ट्रेलोअर, जेडन स्टीव्हन्सन असे चांगले गडी दुसऱ्या क्लबांच्या पदरात टाकावे लागले. पुन्हा शिव्यांची लाखोली. २०२१च्या फेब्रुवारीत क्लबानंच नेमलेला अहवाल बाहेर आला: कॉलिंगवूडमध्ये वर्णद्वेष मुरलेला होता, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. त्यामागे हेरिटियर लुमुंबाच्या तक्रारी होत्या. तो २०१० च्या कपवाल्या संघातला, आणि क्लब सोडून गेला तो बकलीच्याच काळात. हा क्लबाच्या अभिमानाचा दिवस आहे, असं काहीतरी बोलून बसल्यावर मॅग्वायरनाही खुर्ची सोडावी लागली. हे पान लाडक्या आठवणींच्या वहीत कुणी चिकटवत नाही. गॉसिप करायला बसले तरी इथे माझीही जीभ जरा अडखळते. डोळ्यांत पाणी आणून "आमचा बकली" म्हणणाऱ्यांनी हे एवढं एक पान उलटून तरी बघावं, असं वाटतं.

त्याच वर्षी जूनमध्ये बकलीनं राजीनामा दिला. ना आदळआपट, ना कुणावर खापर. शेवटचा सामना राणीच्या वाढदिवसाच्या सोमवारी, मेलबर्न नावाच्या क्लबाशी. हा खरं तर एमसीजीवरचा वर्षाचा मोठा सण, पण कोविडमुळे सिडनीला हलवलेला. कॉलिंगवूड तळाशी लोळत होतं. मेलबर्न फॉर्मात, त्यानं पुढे त्याच वर्षी ५७ वर्षांनी कप जिंकला. आणि तरी कॉलिंगवूडनं त्यांना १७ गुणांनी हरवलं! सामन्यानंतर खेळाडूंनी दोन रांगा केल्या आणि हा मधून चालत बाहेर पडला. बस, तेवढंच पाहिजे होतं. आदल्या आठवड्यापर्यंत "जा एकदाचा" म्हणणारे रुमाल शोधायला लागले. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते उगीच नाही. इथे तर म्हैस धडधाकट, गोठ्याबाहेर उभी राहून सगळं ऐकत होती.

आता कळस. बकलीच्या जागी आणलं कुणाला? क्रेग मक्रेला. हा कोण? ब्रिस्बेन लायन्सच्या त्या तिन्ही कपांतला खेळाडू! म्हणजे २००२ आणि २००३ला ज्यांनी बकलीच्या हातातला घास काढून घेतला, त्यांतलाच एक. सतराव्या क्रमांकावरचा संघ यानं पहिल्या वर्षी उपांत्य फेरीत नेला, आणि दुसऱ्या वर्षी, २०२३ला, कप आणला. फायनल कुणाशी? ब्रिस्बेनशीच! चार गुणांनी! त्याच दिवशी पहाटे त्याच्या घरी मुलगी जन्मली होती, म्हणजे माणसानं एका दिवसात करायचं तरी किती! क्लबाचा हा सोळावा कप. कार्लटन आणि एसेंडनच्या बरोबरीचा.

आणि बकलीची लाट खरी उसळली ती या कपानंतर. लोकांनी संघाची यादी काढली आणि बोटं मोजायला सुरुवात केली. कप्तान डार्सी मूर? बकलीच्या हाताखाली वाढलेला. मेनार्ड, डी गोई, क्रिस्प, मिहोचेक, हाऊ, आपला तो उंच कॉक्स? सगळे बकलीच्या वेळचे. "पाया त्यानंच घातला हो!" हे वाक्य त्या ऑक्टोबरात मी इतक्या वेळा ऐकलं की पाया म्हटलं की मला भजन आठवेना, बकलीच आठवायचा. यावर विरोधी पक्ष शांतपणे म्हणतो: पेंडलबरी आणि साइडबॉटम हे दोघं २०१०च्या कपातही होते आणि २०२३च्याही. पहिला मॉल्टहाऊसचा, दुसरा मक्रेचा. मधली दहा वर्षं कोण होतं? उत्तराची वाट न पाहता ते चहा घ्यायला उठतात.

मला विचाराल तर दोन्ही बाजूंचं खरं आहे, पण या प्रेमाच्या भरतीचं कारण त्याहून साधं आहे. मक्रेनं कप जिंकला म्हणून बकलीवर प्रेम करणं परवडायला लागलं. समजा, मक्रेच्या हातीही काही लागलं नसतं. मग बकलीचा पाया नसता निघाला, बकलीनं घालवलेली दहा वर्षं निघाली असती. त्याच चार वर्षांच्या अकरावे-बारावे-तेराव्याची उजळणी झाली असती, हीथ शॉपासून सगळी नावं पुन्हा निघाली असती. पोट भरलेल्या माणसाला जुन्या आचाऱ्याच्या हातची चव आठवते, उपाशी माणसाला फक्त त्यानं करपवलेला भात. आणि गंमत म्हणजे बकली मात्र २०१७ सालच्या हिवाळ्यातच बदलला होता, लोक त्याला घालवायला टपले होते तेव्हा. त्याच्या त्या बदलाची पावती मिळाली सहा वर्षांनी, तीही दुसऱ्याच्या विजयाच्या मिरवणुकीत.

सध्या ऑफिसात वाद आहे तो २०२३च्या कपाच्या वाटणीचा. आमचा तो विरोधात मत देणारा गृहस्थ म्हणतो, सत्तर टक्के मक्रे, तीस टक्के बकली. लेखा विभागातल्या बाईंना साठ-चाळीस हवंय. एक वयस्कर काका मॉल्टहाऊससाठी पाच टक्के मागून बसलेत, पेंडलबरी आणि साइडबॉटमला कुणी घडवलं, असा त्यांचा सवाल. एवढ्यात कोपऱ्यातून ब्रिस्बेनहून बदली होऊन आलेला पोरगा डब्यातलं सँडविच बाजूला ठेवून म्हणाला, "मक्रे आमचा. बकलीसुद्धा पहिलं वर्ष आमच्याकडेच होता. मग राहिलं काय तुमचं?" त्याला त्या दिवसापासून शुक्रवारच्या पिझ्झाचा ईमेल जात नाही.